सात नंबरच्या बाटलीतलं सॉल्ट

आमच्या केमिस्ट्रीच्या लॅबमधी बेसिनखाली एक पत्र्याचं पिंप ठेवलेलं आहे. फुटलेल्या टेस्ट ट्यूबा त्यात टाकायच्या. जूनमधी रिकामं केलं की दिवाळीच्या आत भरतं. कोण फोडतं विचारा, एकानंही फोडलेली नसते! "मामा, आपोआप फुटली." तीस वर्षं झाली, आपोआपच फुटायल्यात. किस्से पण तसेच. मुद्दाम कोणी करत नाय, पण वर्ष संपायच्या आतच पिंप गच्च!

मी लॅब अटेंडंट. शिक्षण सातवी, ती पण मास्तरच्या मेहेरबानीनं. कागदावर मी रिटायर झालोय, पण माझ्या जागेवर दुसरा माणूसच भरला नाय, म्हणून कॉलेज अजून बोलावतं. घरी सुनेच्या सिरियली बघण्यापेक्षा ॲसिडचा वास बरा, म्हणून मी पण येतो. पोरं मला मामा म्हणतात. औरंगपुऱ्यात एका हॉटेलाच्या बाकड्यावर आम्ही चार म्हातारे चहाला बसतो, तिथं हे सगळं सांगून झालंय. त्यातला एक म्हणाला, "लिहून काढ की." म्हटलं काढतो. ज्याला शुद्धलेखन तपासायचं असंल त्यानं इथंच उठून जावं.

हे किस्से एकाच बॅचचे. बीएस्सी पहिलं वर्ष.

* * *

ॲडमिशनच्या दिवसात एक माणूस लॅबच्या दारात येऊन उभा राहिला. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, पायात टायरच्या वहाणा. मागं एक पोरगी, हातात कागदाची फाईल. सोयगावकडचे, मेंढरं राखणारे. पोरीचं नाव नंदा.

तो आत आला, कपाटातल्या बाटल्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितल्या आणि मला म्हणाला, "भाऊ, हितं लेकरं जळत्यात का?"

म्हटलं, "जळत्यात. पण थोडी थोडी."

"मरत्यात का?"

"अजून तरी नाय."

त्याला ते पटलं. हिशेबी माणूस. मग खाली फरशीवर बसला आणि पोरीच्या समोर मला सगळं सांगून टाकलं. "हिच्या पाठची आनखी एक हाय. तिलाबी शिकायचंय. मी म्हनलं, थोरलीनं पयलं वरीस एका दमात काढलं, एकबी विषय ऱ्हायला नाय, तर धाकटीलाबी धाडतो. एक जरी गेला तर दोघी मेंढरामागं. माझ्याच्यानं एकट्यानं रान व्हत नाय."

मी पोरीकडं बघितलं. ती फरशीकडं बघत होती.

"ह्ये शिकून काय व्हतं भाऊ?" त्यानं जाता जाता विचारलं.

"मला काय ठाऊक? मी तीस वर्षं इथंच आहे, बाटल्या धुतोय!"

* * *

पहिल्या प्रॅक्टिकलला आमच्या देशपांडे मॅडम अर्धा तास एकच सांगतात. चाखायचं नाय, हुंगायचं नाय, हात लावायचा नाय. मग मी प्रत्येकाच्या पुढं चिमूट चिमूट पावडर ठेवतो. त्या दिवशी खुलताबादहून बसनं येणारा इरफान नावाचा पोरगा मॅडमची पाठ वळायची वाटच बघत होता. बोट बुडवलं, जिभेला लावलं!

मॅडमनी बघितलं. किंकाळीच फोडली. "थूक! आधी थूक!"

इरफान शांत. "मॅडम, नमक है."

मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला. कारण ते खरंच मीठ होतं. पहिला दिवस म्हणून मॅडमनी मुद्दाम साधं मीठच द्यायला लावलं होतं, तेही माझ्या घरच्या बरणीतलं.

"उत्तर बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या, "पण मार्क शून्य. विष असतं तर?"

"तो मार्क लेके भी क्या करता, मॅडम?"

* * *

ह्याच इरफानचा दुसरा पराक्रम. लॅबमधी पांढरा ॲप्रन लागतो. त्यानं नवा शिवला नाय. त्याचा मेहुणा एका दातांच्या दवाखान्यात कामाला, त्याचा जुना कोट उचलून आणला. खिशावर निळ्या दोऱ्यानं दाताचं चित्र. मी म्हटलं, "आरं, हे उसवून तरी टाक." म्हणे, "रहने दो मामू, इज्जत मिलती है."

मिळाली! आमच्या डिपार्टमेंटच्या हेड सरांची दाढ आठवड्यापासून ठणकत होती. व्हरांड्यात त्यांना हा आडवा गेला. सरांनी चित्र बघितलं. कॉलेजात तपासणीचा कॅम्प लागला असंल असं त्यांना वाटलं बहुतेक. गालाला हात लावून म्हणाले, "डॉक्टर, जरा बघता का?"

दुसरा असता तर पळाला असता. ह्यानं सरांना उजेडाकडं तोंड करून बसवलं, तोंड उघडायला लावलं, मोबाईलचा टॉर्च मारला आणि मान हलवली. "निकालनी पडेगी, सर."

सरांनी खरंच त्याच दिवशी जाऊन काढून घेतली. पुढच्या सोमवारी ते वर्गावर आले आणि हाजेरी घेताना पहिल्या बाकावर त्यांना डॉक्टर बसलेले दिसले!

ओरडावं तर दाढ खरंच किडलेली निघाली होती. सर "पुढं बघ," एवढंच म्हणाले.

* * *

आता टायट्रेशन. ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी सांगतो. ब्युरेट म्हणजे आकडे छापलेली उभी काचेची नळी, खाली तोटी. खालच्या चंबूत ॲसिड. नळीतलं अल्कलीचं पाणी थेंब थेंब सोडायचं. एका थेंबाला चंबूतलं पाणी एकदम फिक्कं गुलाबी होतं. तिथं थांबायचं आणि नळीवरचा आकडा लिहायचा. झालं. यात शास्त्र काय असंल ते असो, काम संयमाचं आहे, आणि संयम सोडून पोरांकडं सगळं असतं.

सकाळच्या बॅचला आकडा आला नऊ पॉइंट आठ. दुपारच्या बॅचनं तो सकाळीच विचारून घेतला. हा शिरस्ताच आहे. मॅडमना पण ठाऊक. त्यांनी त्या दिवशी मधल्या सुट्टीत नळीत घालायचं पाणी पातळ करून ठेवलं. म्हणजे आता आकडा जास्ती यायला पाहिजे, चौदाच्या आसपास.

दुपारी सगळ्या वह्यांमधी काय आलं? नऊ पॉइंट आठ!

एका पोराच्या ब्युरेटची तोटी सकाळपासून जाम होती. मी लिहून ठेवलेलं. एक थेंब पडत नव्हता. त्याचं पण नऊ पॉइंट आठ!

मॅडमनी त्याला विचारलं, "थेंब पडला नाही, मग आकडा कुठून आला?"

पोरगा कळवळून म्हणाला, "मॅडम, सगळ्यांचा तेवढाच आलाय. माझा वेगळा कशाला येईल?"

सगळे हसले. मी पण हसलो. मग मॅडमनी नंदाची वही धरली आणि हसणं बंद झालं. तिच्या वहीत पेन्सिलीनं आधी चौदा पॉइंट एक लिहिलेलं, ते रबरानं खोडलेलं, आणि वर नऊ पॉइंट आठ! पोरीचं एकटीचं बरोबर आलं होतं, आणि आपलंच चुकलं म्हणून तिनं ते पुसलं.

"अगं, का खोडलंस?"

"समद्यांचं येगळं व्हतं, मॅडम."

मॅडमनी सगळ्यांना शून्य दिलं, तिला पण. पहिल्या सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलमधी ती दोन मार्कांनी कशीबशी निघाली. त्या दिवसानंतर ती माझ्याशी आठ दिवस बोलली नाय. मी काय केलं होतं? मी हसलो होतो.

* * *

आमच्या लॅबच्या बरोब्बर खाली ऑफिस. तिथले हेडक्लार्क लई सोवळ्याचे. डब्यात कांदा आला तर डबा परत धाडतात. आणि वर आम्ही हायड्रोजन सल्फाईड करतो. त्याचा वास नासक्या अंड्यासारखा. खिडकीतून तो थेट त्यांच्या टेबलावर उतरतो.

एक दिवस लेखी तक्रार आली. विषय, "प्रयोगशाळेत अंडी उकडण्याबाबत." माझं नाव घालून! म्हणे सदर इसम कामाच्या वेळेत मांसाहार शिजवतो.

मला असा राग आला! मी माळकरी माणूस. अंडं सोडा, मी अंड्याच्या ऑम्लेटच्या गाड्यापुढून जाताना दस्ती नाकाला लावतो. मी खाली जाऊन भांडणारच होतो. मॅडम म्हणाल्या, "थांबा मामा, लेखीचं उत्तर लेखीच देऊ." त्यांनी लिहिलं, "प्रयोगशाळेत अंडी नव्हती. तो विषारी वायू होता."

दुसऱ्या दिवशी कागद सही-शिक्क्यानिशी परत आला. खाली शेरा, "विषारी वायूस हरकत नाही."

* * *

फेब्रुवारीत नळाला पाणी येण्याचे दिवस लांबले. शहरात राहणाऱ्याला यात नवं काय नाय, ड्रम भरून ठेवलेले असतात. पण लॅबमधी चाळीस पोरं आणि ट्यूबा तीन तीन वेळा धुवायच्या, ड्रम किती पुरणार? मी ओरडून ओरडून बेजार. तिथं नंदानं एका मगात टेबलावरच्या सगळ्यांच्या ट्यूबा धुवून दाखवल्या. पहिलीतलं पाणी दुसरीत, दुसरीतलं तिसरीत, आणि शेवटचं हात धुवायला. लख्ख! उन्हाळ्यात मेंढरं घेऊन माळावर राहिलेल्या माणसाला पाणी पुरवायला आम्ही काय शिकवणार?

त्याच आठवड्यात तोंडी परीक्षेची तयारी चालली होती. मॅडमनी इरफानला विचारलं, "पाण्यात इतके पदार्थ का विरघळतात?"

इरफान म्हणाला, "मॅडम, पहले आने तो दो!"

* * *

आता शेवटचा. हा मी हॉटेलातल्या बाकड्यावर पण फार वेळा सांगितलेला नाय.

वर्षाच्या शेवटी प्रॅक्टिकलची परीक्षा. बाहेरच्या कॉलेजातले परीक्षक येतात. पोरांना पांढरी पावडर देतात, आणि त्यात काय आहे ते त्यांनी टेस्ट करून ओळखायचं. याला पोरं म्हणतात सॉल्ट. कोणत्या नंबरच्या बाटलीत काय, त्याची यादी मॅडमकडं आणि परीक्षकांकडं. पण बाटल्या भरणार कोण? अटेंडंट. म्हणून परीक्षेच्या दिवशी अटेंडंटला जेवढा मान असतो तेवढा प्रिन्सिपलला नसतो. "मामा चहा घेता का?" "मामा, बसा ना." "मामा, फक्त पहिलं अक्षर सांगा!" बाकीच्या कॉलेजातले काही अटेंडंट सांगतात. खोकून सांगतात, बोटं दाखवून सांगतात. मी इतक्या वर्षांत कोणाला सांगितलं नाय. माझा सख्खा पुतण्या इथंच शिकून गेला, तो नापास झाला, पण सांगितलं नाय. भाऊ अजून माझ्याशी धड बोलत नाय.

त्या दिवशी बाटल्या कमी, म्हणून एका टेबलावरच्या चौघांना मिळून एक बाटली. सात नंबरची बाटली गेली नंदाच्या टेबलावर. नंदा, इरफान आणि आणखी दोन पोरं.

 पोरीनं एक ट्यूब फोडली, मग दुसरी. बाकीचे विषय तिला सोपे गेले होते, ती मला म्हणालीच होती. आता हे एकच उरलं होतं. हे गेलं म्हणजे ती घरी, आणि जी पोरगी मी बघितली पण नव्हती ती पण घरी. मी लांबून बघत होतो. एक तास गेला. तिच्या पेपरवर एक अक्षर नाय.

मग मी पाण्याची बाटली उचलली, तिच्या टेबलापाशी गेलो, पाणी भरल्यासारखं केलं आणि हळूच म्हणालो, "बेरियम."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच तिची ट्यूब फोडली. 

मी माझ्या स्टुलावर येऊन बसलो.  तिनं पावडर घेतली, ॲसिडचा थेंब टाकला, तार बुडवली आणि बर्नरच्या जाळात धरली. बेरियम असंल तर जाळ पोपटी होतो. हे मला सातवीवाल्याला पण ठाऊक आहे, तीस वर्षं बघतोय.

जाळ लाल झाला. लालभडक!

मी कपाटाकडं बघितलं. कपाटात बेरियमची बरणी आणि स्ट्रॉन्शियमची बरणी शेजारी शेजारी. दोन्हीतली पावडर पांढरी. त्या सकाळी माझा चष्मा घरी राहिला होता. सात नंबरमधी मी स्ट्रॉन्शियम भरलं होतं, आणि यादीत बेरियम होतं!

आता तिनं मी सांगितलेलं लिहिलं तर यादीप्रमाणं पास. डोळ्यानं बघितलेलं लिहिलं तर नापास. तिनं तार धुतली आणि परत जाळात धरली. परत लाल. तिसऱ्यांदा धरली. मग खाली बसून लिहायला लागली. रबर तिच्या पुढंच पडलेलं होतं, त्याला हात लावला नाय.

परीक्षक फिरत फिरत आले. नंदाचा पेपर बघितला, यादी बघितली. "स्ट्रॉन्शियम? सात नंबरला बेरियम आहे. बाकी तिघांनी बरोबर लिहिलंय."

"जाळ लाल आला, सर," नंदा म्हणाली.

"मग तिघांचं चुकलं आणि तुझं बरोबर?"

"त्यांचं मला ठाव नाय, सर. माझा लाल आला."

 परीक्षकांनी लाल पेनचं टोपण काढलं. मी उठलो.

"सर, बाटल्या मी भरल्यात. चष्मा घरी राहिला होता. सात नंबरमधी दुसरीच बरणी पडली असंल." एवढंच बोललो. बाकीचं गिळलं.

परीक्षकांनी स्वतः तार घेतली. सगळी लॅब थांबून बघायली होती. जाळ लाल.

त्यांनी यादीवर काट मारली आणि शांतपणे बाकीच्या तिघांकडं वळले. "आता मला एवढं सांगा. तुम्ही तिघांनी इथं लिहिलंय, 'जाळाचा रंग पोपटी.' तो कुठं बघितलात?"

खरी गोष्ट अशी की एक्झॉस्ट फॅनखाली तीस वर्षं काढून माझे कान गेलेत. मला वाटतं मी हळू बोललो. माझी बायको म्हणते, मी देवापुढं मनातल्या मनात काय मागतो ते गल्लीला कळतं.

दोघा पोरांनी इरफानकडं बघितलं. इरफाननं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं.

"सर," इरफान म्हणाला, "मेरेको लाल-हरा एकच दिखता."

"आणि या दोघांना?"

"ये दोनों मेरा देखके लिखे."

परीक्षकांनी तिघांना दुसरी बाटली दिली आणि पहिल्यापासून करायला लावलं. इरफान संध्याकाळपर्यंत करत बसला होता. त्यानं मला आजपर्यंत एका शब्दानं विचारलं नाय. माझ्याकडून चहा मात्र रोज पितो, आणि मी पाजतो.

नंदाचं वर्ष निघालं. सगळे विषय, एका दमात.

जूनमधी तो लाल पटका परत दारात. मागं नंदा, आणि तिच्या मागं तिच्याच तोंडवळ्याची एक बारकी पोरगी, शोभा. बाप खाली ऑफिसात फॉर्म भरायला गेला. नंदा बहिणीला कपाटं दाखवत फिरत होती. मला राहवलं नाय. तिला बाजूला घेतलं आणि यावेळी खरंच हळू बोललो, "पोरी, त्या दिवशी मी सांगितलं ते तू ऐकलं का नाय?"

"काय सांगितलं व्हतं, मामा? मला तर काईच ऐकू आलं नाय."

आणि बहिणीकडं वळून म्हणाली, "शोभे, ह्ये मामा. सॉल्ट कुनालाच सांगत नायत. उगं मागं लागू नगस."